ओढ्यातला शंख

बाबांची नजर जवळजवळ गेली होती, तरी डोंगरातल्या त्या ओढ्यावर एकदा जीवाश्म शोधायला जायचा हट्ट काही सुटत नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी तिथले दगड पालथे घातले होते. यंदा रिकाम्या हाताने परतले, तर पुन्हा घराबाहेर पडायचं नाव घेणार नाहीत, हे लेकीला ठाऊक होतं. म्हणून तिने घरच्या कपाटातला एक शंखाचा जीवाश्म गुपचूप सोबत घेतला. त्यावरचा नोंदक्रमांक तिने आधीच खरवडून काढला होता. बाबा पाण्यात पाय सोडून बसले, तसा तिने तो त्यांच्या हाताशीच वाळूत पुरला.

तासाभराने बाबा ओरडले, "अगं ए, सापडला! आंधळा मागतो एक डोळा म्हणतात ना, तसं झालं बघ!"

"बघू, बघू! बाई गं, केवढा सुरेख!"

त्यांनी तो उलटसुलट चाचपला, गालाला लावला. परतीच्या वाटेवर ते चक्क शीळ घालत होते. लेकीच्या जिवात जीव आला.

घरी पोचल्यावर त्यांनी तो शंख अलगद तिच्या तळहातावर ठेवला.



"जागच्या जागी ठेव हं. तिसरा खण, डावीकडून पाचवा."