बरा झालेला उंदीर

शाल्मली धाकट्या भावाच्या पायाची नखं कापत होती. वल्लभच्या शरीरात आता तेवढंच वाढत होतं. मज्जातंतू झडत चालले होते. पाय गेले, हात गेले, आता श्वासही अपुरा पडत होता.

"ताई, तुझा उंदीर चालला म्हणून प्रयोगशाळेत पेढे वाटलेत म्हणे!"

"हो. पाय ओढत होता. आमच्या औषधाने चालायला लागला."

"मग आण की त्याला घरी. या आजारातून उठलेला एक तरी जीव मला बघू दे."

तिचं नेलकटर थांबलं. "तो नाही रे आता. मज्जातंतू खरंच नव्याने फुटलाय का, हे तो पायातून काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. त्यासाठी उंदीर मारावाच लागतो."

"म्हणजे बरा झाला म्हणून मारलात?"

तिला मान वर करवेना. "माणसांना द्यायला अजून काही वर्षं लागतील, वल्लभ."

"माझ्याकडे वर्षं कुठायत?" तो श्वास घ्यायला थांबला. "मला उंदीरच समज, ताई. नंतर खुशाल मार, काप, काय हवं ते बघ. पण आधी चार पावलं चालू दे. चालेल?"