साहेबांना आवडलेला दरोडेखोर

गाजलेल्या दरोडेखोराच्या गोष्टीवरचा नवा सिनेमा शिलाई कारखान्याचे मालक रविवारी बायकोसोबत पाहून आले. पडद्यावर दरोडेखोरानं जमीनदाराच्या तळघराचं दार फोडून कोंडलेली माणसं सोडवली, तेव्हा साहेब उभं राहून शिट्ट्या मारत होते.

"अहो, खाली बसा, लोक बघतायत," बायको म्हणाली.

सोमवारी दुपारी उकाड्यानं एक बाई मशीनवरच बेशुद्ध पडली. बायका सारख्या बाहेर जातात म्हणून साहेब कामाच्या वेळात दाराला बाहेरून कुलूप घालत आणि किल्ली स्वतःजवळ ठेवत. सगळ्यांत जुन्या कामगार मावशींनी त्यांना तीनदा फोन लावला. मग त्या खिडकीतून कशाबशा बाहेर उतरल्या आणि जड इस्त्रीनं कुलूप फोडलं. सावलीत नेऊन तोंडावर पाणी मारल्यावर बाईनं कुठे डोळे उघडले.

साहेब आले आणि आधी कुलूपच पाहायला वाकले.

"बाई हातची जात होती, साहेब," मावशी म्हणाल्या.

"मग मला फोन करायचा ना!"

"तीनदा केला. बिझी होता."

"मेव्हण्याला सिनेमाची स्टोरी सांगत होतो," साहेब बोलून गेले आणि मग जास्तच भडकले. "माझ्याच दाराचं कुलूप फोडता? चला, निघा! उद्यापासून येऊ नका."

मावशींनी चष्मा आणि डबा पिशवीत टाकला आणि त्या निघून गेल्या.


दाराला दुप्पट जाड कुलूप लावून साहेब केबिनमध्ये पंख्याखाली बसले आणि त्यांनी मोबाइलवर लिहिलं, "प्रत्येकानं पाहावा असा सिनेमा. आज अशी माणसं उरलीत कुठे?"