आकडा कशातला?

"तो मापं तपासणारा चेक काढून टाक," असं परवा शाल्मलीवर ओरडणारे देशकर साहेब आज टाळ्या घेत होते. धरणाची दारं चालवणारा त्यांचा प्रोग्रॅम आज पहिल्यांदा सुरू झाला होता. तो लिहिणारी शाल्मली मागे दातओठ खात उभी होती.

सेकंदाला किती पाणी सुटतं ते मोजायची मापं दोन: घनफुटांचं क्युसेक आणि घनमीटरचं क्युमेक. एक क्युमेक म्हणजे पस्तीस क्युसेक. म्हणून तिने प्रत्येक आकड्याला त्याचं माप चिकटवलं होतं. दोन्हींची भेसळ झाली की मशीन लाल अक्षरांत अडून बसायचं, प्रोग्रॅम तयारच होऊ द्यायचं नाही. पण साहेबांना घाई. भेसळ शोधायची सोडून त्यांनी मापंच पुसायला लावली.

तेवढ्यात धरणावरून गेट ऑपरेटर खंडागळेमामांचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"ताई, आज बाराशे क्युसेक सोडायचेत ना? त्याला मी एक दार वीतभर उचलतो. हे तर सगळी दारं उचल म्हणतंय. आकडा कशातला धरलाय?"

"सिस्टीम बरोबर आहे," साहेब म्हणाले. "बटण दाबा म्हणावं."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. "मामा, हात लावू नका!" तिने फोन साहेबांपुढे आपटला. "हाच प्रश्न मशीन दोन दिवस विचारत होतं. त्याचं तोंड तुम्ही बंद केलंत. आता यांचं करून दाखवा!"

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या.

"साहेब," मामा फोनवरून म्हणाले, "खाली पात्रात टरबुजाच्या वाड्या आहेत. माणसं पोराबाळांसकट राहतात तिथं. सांगा की, आकडा कशातला?"

आणि त्या मशीनसारखंच अडून बसत मामा तेच पुन्हा पुन्हा विचारू लागले.