जाळीवरचा फोटो

नव्या पेट्रोल बोटीत इंजिनाच्या खणाला हवेसाठी जाळी होती. हिराजीशेठनी नेमका तिच्यावरच आपला हसरा फोटो चिकटवला.

आज टाकी भरून, पाहुणे बसवून ते किल्ली फिरवायला निघाले, तर बायको म्हणाली, "आत पेट्रोलचा वास कोंडलाय, भडका उडेल. तो फोटो फाडा, आधी हवा जाऊ दे."

"मुहूर्त टळेल. काही होत नाही."

कापूर पेटवायला निघालेल्या भटजींनी काडेपेटी खिशात टाकली. "मंत्र धक्क्यावरूनही लागू पडतात," म्हणत ते उतरले. त्यांच्यामागे पाहुणे उतरले. मेहुण्यानं तर पेढेही नेले. बोटीत उरले एकटे शेठ.

"फिरवा आता किल्ली," धक्क्यावरून बायको म्हणाली, "आम्ही व्हिडिओ काढतो."

शेठ गुडघ्यांवर बसले आणि नखांनी स्वतःचा हसरा चेहरा सोलू लागले.