फ्रेममध्ये न मावलेले हंडे

चहाला बोलावलेल्या निमकरांचं डोकं पालकमंत्र्यांच्या दिवाणखान्यात शिरताच सणकलं. भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये निमकरांनीच पेपरासाठी काढलेलं व्यंगचित्र! संपादकांनी मूळ चित्र परस्पर मंत्र्यांना भेट देऊन टाकलं होतं.

त्यात मंत्री पाण्याच्या टँकरवर ऐसपैस बसून हात हलवत होते. खाली रिकामे हंडे घेतलेल्या बायकांची रांग होती. सगळा राग निमकरांनी त्या हंड्यांतच ओतला होता. ती रांगच आता गायब.

"साहेब, खालच्या बायका कुठं गेल्या?"

"त्या होय! फ्रेममध्ये मावेनात, म्हणून कापल्या," मंत्री हसले. "माझा चेहरा मात्र झकास जमलाय! फक्त तुमची सही त्यात गेली. तेवढी पुन्हा करा."

त्यांच्या पीएनं फ्रेम उघडून पेन पुढं केलं. निमकरांनी दातओठ खात सहीऐवजी मंत्र्यांच्या पायाशी उपडा हंडा काढला.

मंत्र्यांनी तो कौतुकानं न्याहाळला.

"वा! झोकदार आहे सही!"