गुरुवारचं वजन

एमनाने बूट काढले, जाड कोट काढून बाबांच्या हातात दिला आणि ती काट्यावर चढली. नर्सने आकडा वाचला. मागच्या गुरुवारपेक्षा जास्त होता.

तिच्या बापाच्या, मुंजीच्या, जिवात जीव आला. उभं आयुष्य महदिया गावच्या समुद्रात वादळाला तोंड देत गेलेला हा कोळी, पण त्या एवढ्याशा काट्याला तो घाबरायचा.

पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. पोरगी नखरे करत नाहीये, आजारी आहे. आरशात तिला खरोखरच जाड एमना दिसते. अन्न मिळालं नाही की शरीर स्वतःचंच मांस खातं, आणि काळीज तरी काय, मांसाचंच. वजन आणखी उतरलं तर थेट राजधानीत, ट्यूनिसच्या मोठ्या इस्पितळात. चढत राहिलं तर घरी राहू दे.

घरी मुंजीने काय करायचं बाकी ठेवलं होतं? ओरडून झालं, हातापाया पडून झालं. आत्याने तर भरल्या ताटावर टोमणा मारला होता, "आमच्या राणीसरकारांना आमचं अन्न चालत नाही." पोरीचे केस फणीत पुंजक्यांनी यायचे, पाळी कधीच बंद झालेली, आणि भर उन्हाळ्यात अंगात लोकरीचा स्वेटर. मुंजी ताजे लाल मासे आणायचा. ती काटे इतके निगुतीने काढत बसायची की जेवण संपून जायचं. एकाच थाळ्यातून कुसकुस खाणारं घर. कोणी किती खाल्लं, कसं कळणार?

ट्यूनिसचं नाव निघालं की बायको, ज़ोहरा, पांढरीफटक पडायची. तिची मावसबहीण तिथे गेली ती परत आलीच नव्हती. "नाकात नळी घालतात, हात बांधतात," ती म्हणाली होती. "मला थोडे दिवस दे मुंजी. मी तिला घरीच खायला लावते."

आणि खरंच, तेव्हापासून काटा चढू लागला. घरातली रडारड थांबली. मायलेकी दार लावून तासन्‌तास बोलत बसायच्या. मुंजीला वाटलं, आईला जमतं ते बापाला जमत नाही, हेच खरं. एका संध्याकाळी जाळ्याला शिसं ओवत बसलेल्या ज़ोहराला तो म्हणाला, "तू पोरगी परत आणलीस." ती मान खाली घालून ओवत राहिली.

डॉक्टरीणबाई मात्र खूश नव्हत्या. नाडी फार मंद आहे, वजन वाढलं तरी ट्यूनिसला न्याच, म्हणून मागे लागल्या होत्या. मुंजीने ठणकावून नाही म्हटलं. पोर सुधारतेय, आता कशाला छळायचं तिला?

पुढच्या गुरुवारी दवाखान्याच्या पायरीवरच एमना कोसळली.

तिला आत नेलं, कपडे बदलून छातीला तारा लावल्या, खाटेसकट वजन केलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. काळीज थकलंय, म्हणाल्या. रात्र निघेल की नाही, सांगता येत नाही. वजन तर पहिल्या दिवसापेक्षाही कमी भरलंय.

"तुमचा काटा बिघडलाय," मुंजी म्हणाला. "मागच्या आठवड्यात मी स्वतः बघितलंय."

नर्सने एमनाचा झगा त्याच्या हातात ठेवला. झगा जड होता. त्याने खालची दुमड उसवली, आणि त्याच्याच जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या फरशीवर घरंगळत गेल्या.

इतका राग त्याला जन्मात आला नव्हता, आणि राग काढायचा तर कोणावर, त्या चिमूटभर जिवावर? तो खाटेपाशी गेला. पोरीचे डोळे अर्धवट उघडे होते.

"का फसवलंस गं आम्हांला?" त्याने विचारलं. "अगं, निदान आईला तरी सांगायचंस."

पायथ्याशी उभी असलेली ज़ोहरा पुढे झाली.

"तिला नको बोलूस," ती म्हणाली. "तिच्या बोटांना सुई धरवत नाही. ते मी शिवलं."