तुटक्या पिसाचा मोर

"अर्ज फेटाळला म्हणजे काय? आपलाच मोर आपल्याला द्यायचा नाही?" अजीजुन्निसानं चिक्कीचं लाटणं ओट्यावर आपटलं.

रुमाईसानं मोबाइल आईपुढे धरला. "अम्मी, अगदी असाच मोर एका बिस्किट कंपनीच्या नावावर आहे. सहा वर्षांपूर्वी ट्रेडमार्क म्हणून नोंदवलाय. आपला वापर त्यांच्याहून जुना असल्याचा पुरावा आपण दिला नव्हता. फेरविचाराला महिना आहे. नाहीतर पाटीवरून, खोक्यांवरून, सगळीकडून मोर उतरवावा लागेल. त्यांच्या वकिलाची नोटीसही आलीय."

"सहा वर्षं! आणि लोणावळ्यात मोरवाल्यांची चिक्की कधीपासून खातात लोक?"

"वापर मात्र त्यांनी बराच जुना लिहिलाय."

"चोर खरं लिहितो होय?"

अजीजुन्निसानं मोबाइल आणि आपलं खोकं शेजारी धरून दोन्ही चित्रं पाहिली. मान मागे वळवलेली. पिसारा अर्धा उघडलेला. डावीकडून तिसरं पीस मधेच तुटलेलं. ते तुटकं पीस पाहून तिचा संताप डोक्यात गेला.

"बघ, चुकीसकट उतरवलाय! कॉपी करणारं पोर असंच पकडलं जातं."

तिचे सासरे वाहिदअब्बा हातगाडीवर चिक्की विकायचे, तेव्हापासून डब्यावर हाच मोर. कुणी काढला विचारलं, की हसायचे. "अल्लानं पाठवला," म्हणायचे. त्या काळचा एकही डबा घरात उरला नव्हता. अब्बा होतेच तसे. दाभण मोडलं तरी त्याचा हूक करायचे, डबा कुठला नुसता पडू देतात?

तिनं जुन्या गिऱ्हाइकांकडे चौकशी सुरू केली. आठवड्याभरात मळवलीच्या नंदाबाईचा निरोप आला, डबा आहे.

नंदाबाईच्या सासूनं जन्मभर एक बंगला राखला होता. मायलेकी पोचल्या तेव्हा नंदाबाई ओसरीवर भात पाखडत होती.

"या भाभी. किती बारीक झालाय!"

"रागानं झालेय. आमचा मोर चोरलाय मेल्यांनी."

"अगं बया! मोर चोरून त्यास्नी काय करायचं?"

"बिस्किटं विकायचीत."

नंदाबाई हसली. "तुमचे आबा लय यायचे बंगल्यावर. सासूबाईस्नी मूठभर चिक्की द्यायचे. रिकामं पोतं घिऊन यायचे, भरलेलं खांद्यावर टाकून जायाचे."

"तांदूळ नेत असतील. मळवलीच्या तांदळावर जीव होता त्यांचा."

"मी नवी सून. पोत्यात कोन बघतंय?" नंदाबाई आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेला डबा घेऊन आली.

निळा डबा. झाकणावर मोर. डावीकडून तिसरं पीस तुटकं. अजीजुन्निसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बंगल्याच्या साहेबानं दिवाळीला दिलेला," नंदाबाई म्हणाली. "सासूबाईस्नी चित्र लय आवडायचं. फोडलाच न्हाई. आजून बी चिकटपट्टी तशीच हाय."

"म्हणजे साहेबसुद्धा आमचं गिऱ्हाईक! रुमाईसा, फोटो काढ. चारी बाजूंनी. आता लिही त्यांना, मोर कुणाचा ते!"

रुमाईसानं डबा फिरवून पाहिला. तळाचा पत्रा गंजला होता, अक्षरं गेली होती. "अम्मी, नुसता डबा पुरणार नाही. आत काय होतं तेही दाखवायला हवं."

"दाखव की! अब्बांच्या हातची चिक्की आहे आत. कुठलं मोठं कोर्ट नाही म्हणेल? नंदा, तू साक्षीदार."

"व्हय, मी बघते की."

रुमाईसानं मोबाइलवर चित्रण सुरू करून तो नंदाबाईच्या हातात दिला. पट्टी सुरीनं कापली. झाकण घट्ट बसलं होतं. अजीजुन्निसानंच पदर खोचून अंगठ्यांनी ते उचकटलं.

आत बिस्किटं होती, आणि प्रत्येक बिस्किटावर उठवलेला तोच मोर, तुटक्या पिसाचा. अजीजुन्निसाच्या डोळ्यांपुढे अब्बांच्या खांद्यावरचं ते भरलेलं पोतं आलं.